बंडीखालचा कुत्रा

फुकटचा मोठेपणा मिरवणाऱ्या माणसाला आमच्या वऱ्हाडात बंडीखालच्या कुत्र्याची उपमा देतात. बंडी ओढतात बैल, कुत्रा चालतो तिच्या सावलीतून, आणि त्याला वाटतं, बंडी आपल्याच जोरावर चालली आहे. हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलो आणि दरवेळी मला त्या कुत्र्याचा कैवार घ्यावासा वाटला. अकोला-दर्यापूर भागात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, भर उन्हाळ्यात शेतातून परतणारी बंडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तो कुत्रा आठवेल. दूरदूरपर्यंत झाड नाही. काळी जमीन भेगाळून तापलेली. त्या रखरखाटात हलती सावली एकच, बंडीखालची. कुत्रा दोन चाकांच्या मधून, बैलांच्या चालीत चाल मिसळून चालत असतो. बैल थांबले की थांबतो, निघाले की निघतो. जीभ हातभर बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. रात्री जागलीला रोही आणि रानडुकरांमागे धावून तो थकलेला असतो. त्याला हवी असते सावली आणि आपल्या माणसांची सोबत. ओढण्याचा आव आपण त्याच्या माथी मारला.

खरोखर ओढणारा कुत्रा मी पाहिला तो फार दूर, कॅनडातल्या कॅलगरीजवळ. माझी भाची तिथं राहते. वाढली अकोल्यात, आजोळी बैलांच्या पाठीवर थापा मारत. आता तिच्या घरी दोन सायबेरियन हस्की आहेत आणि त्यांची नावं तिनं सर्जा आणि राजा ठेवली आहेत. बर्फ पडायच्या आधी, ऑक्टोबरच्या गार सकाळी, ती त्यांना रानातल्या मातीच्या वाटांवर नेते, एका स्कूटरवर उभी राहते आणि ते दोघे तिला ओढत नेतात.

या स्कूटरला इंजिन नसतं, बसायला जागा नसते, पायंडलही नसतं. डोंगरात चालवायच्या सायकलीसारखी हवा भरलेली, खाचांची दोन चाकं, मधे उभं राहायला एक बुटकी फळी, समोर दांडा आणि त्यावर दोन ब्रेक. बस्स. सपाटीला एका पायानं जमीन मागं रेटत जायचं. पुढच्या दांड्यापासून एक दोर निघतो आणि कुत्र्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांना जाऊन मिळतो. त्या दोराचा काही भाग रबरासारखा ताणला जाणारा असतो, म्हणजे निघताना किंवा खड्ड्यात चाक अडकल्यावर बसणारा हिसका कुत्र्याच्या हाडांपर्यंत पोचत नाही. पट्टा मी हातात घेऊन नीट पाहिला. गळ्याशी तो मोकळा होता. ओढताना येणारा सगळा भार छातीच्या मधल्या हाडावर यावा आणि तिथून बरगड्यांच्या अंगानं मागं जावा, अशी त्याची शिवण होती. जिथं कातडी घासू शकते तिथं मऊ अस्तर. धावणाऱ्या जनावराचा श्वास कुठं अडेल, याचा विचार करून कुणीतरी तो शिवला होता.

पट्टे बाहेर काढल्याबरोबर दोघांनी असा गलका केला की शेजारचं माणूस बोललेलं ऐकू येईना. राजानं स्वतःहून मान पुढं केली आणि पट्ट्यात घातली. भाची म्हणाली, "मामा, हात ब्रेकवर ठेवा, गुडघे सैल सोडा. बाकीचं ते पाहून घेतात." तिनं इशारा दिला आणि गाडी सुटली. सुटल्याबरोबर भुंकणं एकदम बंद. उरले ते पंजांचे आवाज, चाकांखालची खडी आणि दोन श्वास. पिवळ्या पानांची झाडं दोन्ही बाजूंनी मागं जात होती आणि माझ्या हातात होतं ते फक्त थांबवणं. वळवणं सगळं आवाजावर. उजवीकडचा एक शब्द, डावीकडचा एक. दोर ढिला पडला तर चाकात अडकेल, म्हणून तो सतत ताणलेला ठेवायचा, आणि त्यासाठी कुत्र्यांच्या मनात पुढं काय आहे हे आपल्याला आधी कळायला हवं.

मग चढ लागला. वेग मंदावला, आणि सर्जानं मान वळवून मागं पाहिलं. "उतरा मामा, रेटा," मागून सायकलवर येणारी भाची ओरडली. मी उतरलो, दांडा धरून स्कूटर ढकलत पळू लागलो. सर्जा पुन्हा पुढं बघून कामाला लागला. त्याच्या त्या बघण्यात तक्रार नव्हती, विनवणी नव्हती. मी माझा वाटा उचलतो आहे की नाही, एवढंच त्याला पाहायचं होतं. गाडी ओढणाऱ्या जनावरानं गाडीवरच्या माणसाकडं हिशेब मागावा आणि माणसानं तो द्यावा, हे मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं.

कुत्र्यानं ओढणं ही माणसाची फार जुनी गोष्ट आहे. सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव बेटावर सापडलेल्या कुत्र्याच्या हाडांवरून आणि घसरगाड्यांच्या अवशेषांवरून साडेनऊ हजार वर्षांपूर्वी तिथं कुत्रे जुंपले जात होते, असं संशोधक मानतात. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे हजार किलोमीटरचं बर्फाळ अंतर तोडून कुत्र्यांच्या गाड्यांनी साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्रे. स्वित्झर्लंडमध्ये बर्नचे थोराड कुत्रे दुधाच्या गाड्या ओढत. पण लंडनमध्ये १८३९ च्या पोलीस कायद्यानं कुत्र्यांच्या गाड्यांवर बंदी आली आणि १८५४ च्या कायद्यानं ती देशभर लागू झाली. तिथं कुत्रा खाटकाचा, पाववाल्याचा, भंगारवाल्याचा माल दगडी रस्त्यांवरून मरेस्तोवर ओढत असे. म्हणजे एकच प्राणी, एकच काम. एके ठिकाणी त्यात त्याचा जीव रमतो आणि दुसऱ्या ठिकाणी जीव जातो. बर्फ नसलेल्या महिन्यांत घसरगाडीच्या कुत्र्यांचा सराव सुटू नये म्हणून लोकांनी चाकांच्या गाड्या आणि स्कूटर आणल्या आणि त्यातून हा खेळ उभा राहिला. आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. हवा उष्ण झाली की तिथं अंतर कमी करतात, नाहीतर शर्यतच रद्द करतात.

अमरावती-अकोल्यातही आता हस्की दिसू लागले आहेत. हौशी तरुण मला विचारतात, आपल्याकडं असं करता येईल का? मी त्यांना आधी पारा दाखवतो. मे महिन्यात अकोल्याचं तापमान ४५ अंशांच्या वर जाणं आम्हाला नवं नाही. कुत्र्याला घाम फुटतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरताच. अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती धापांवाटे, जिभेवरून. धावताना स्नायूंत तयार होणारी उष्णता त्या वाटेनं निघायला बाहेरची हवा गार लागते. त्यातून हस्कीची लोकर दुहेरी, शून्याखालच्या थंडीसाठी घडलेली. त्याला इथं दुपारी जुंपणं म्हणजे त्याच्या उत्साहाचाच त्याच्यावर वार करणं, कारण तो थांबायचं विसरतो. पौष-माघातल्या पहाटे, दव असताना, पांदण रस्त्यानं थोडं अंतर धावावं, बरोबर पाणी घ्यावं, सूर्य वर आला की घरी यावं. एवढं आपल्या गावठी कुत्र्यालाही झेपेल आणि आवडेल. चिखलदऱ्याची हवा गार आहे म्हणून कुणी मेळघाटाच्या जंगलात मात्र कुत्रे नेऊ नयेत. पाळीव कुत्र्यांचे रोग रानकुत्र्यांना आणि वाघ-बिबट्यांना लागतात, आणि ते रान त्यांचं आहे.

आपल्या उन्हानं हे काम बैलाकडं दिलं, ते उगाच नव्हे. देशी बैलाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, गळ्याखालची पोळी आणि सैल कातडी उष्णता बाहेर टाकायला मदत करते. शेजारच्या वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ बैल तर हलक्या गाडीला जुंपून वेगानं पळण्यासाठीच नावाजलेला. तरीही १९६५ च्या केंद्रीय नियमांनी ओझी ओढणाऱ्या जनावरांना ३७ अंशांपेक्षा जास्त तापमान असेल तर दुपारी बारा ते तीन कामाला लावायला मनाई केली आहे. दिवसभरात नऊ तासांवर काम नाही आणि सलग पाच तासांवर नाही, हेही त्यातच आहे. बंडीखालच्या कुत्र्याला ज्या उन्हात सावली लागते, त्याच उन्हात वरचे दोघे सावलीशिवाय ओढत असतात, हे त्या नियमाच्या कर्त्यांनी ओळखलं होतं.

कॅलगरीच्या त्या वाटेवर उभा असताना मला आठवत होतं ते तळेगाव दशासर. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यातलं हे गाव शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, वऱ्हाडभर ओळखलं जातं. जानेवारीत, कपाशी उलंगत आलेली असते, तूर खळ्यावर असते, तेव्हा तिथं पट भरतो. लांबून जोड्या येतात. पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळदा अनेक गाड्या एकदम सुटतात. आमच्याकडं जोडीनं अंतर किती सेकंदांत तोडलं, ते मोजतात. निकाल सेकंदाच्या बारीक तुकड्यांवर ठरतो. तळेगावच्या पटात बायकांचीही शर्यत होते आणि बाया कासरा धरून जोड्या हाकतात, तेव्हा गर्दीतला आवाज वेगळाच असतो.

पट पाहायला गेलेला माणूस बहुधा शेवटच्या रेषेकडं तोंड करून उभा राहतो. मला सुरुवातीची जागा आवडते. जोडी आणली जाते. गाडी म्हणजे नुसता सांगाडा, दोन चाकांवर टाकलेल्या लाकडांचा, गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला जेमतेम टेकता येईल एवढा. दोन-तीन माणसं पुढून बैलांना धरून ठेवतात. त्या वेळी बैलाच्या खांद्याकडं बघावं. माशी बसल्यावर कातडी थरथरते तशी ती माशी नसतानाही थरथरत असते. नाकपुड्या फुलतात. एखादा बैल पुढचा खूर मातीत रोवून सगळा भार त्यावर तोलून धरतो. धरणारे बाजूला होतात आणि नंतर दिसते ती नुसती धूळ. त्या क्षणी धुरकऱ्याच्या हातात काय उरतं? दोन कासरे आणि आपला आवाज. सर्जा-राजाच्या मागं माझ्या हातात जेवढं होतं, साधारण तेवढंच.

एका जुन्या धुरकऱ्याला मी विचारलं होतं, जोडी पळणार की नाही हे कळतं कसं? तो म्हणाला, "बैल पयाले मांगते तवाच सोडा लागते, बाप्पा. नाई मांगे त घरी घेऊन जा लागते. त्याचे कान पाहाचे. कानात समजते." पुष्कळ वर्षांनी, पट्ट्यात स्वतः मान घालणाऱ्या राजाला पाहताना या वाक्याचा पुरता अर्थ माझ्या ध्यानात आला. पळायला मागणारं जनावर आणि पळवलं जाणारं जनावर, या दोघांचा वेग सेकंदाच्या काट्यावर सारखा असू शकतो. फरक ओळखायचा तो माणसानं.

हाच फरक देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं वादाला होता. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारनं बैलाचा समावेश अशा प्राण्यांत केला, ज्यांचे खेळ करता येत नाहीत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, असं त्या निकालात म्हटलं होतं. पट थांबले. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयानं परवानगीला स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह शर्यतींना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता धावेचं अंतर १००० मीटरच्या आत हवं, पशुवैद्यकाचा दाखला हवा, काठी, चाबूक, आर लावलेली तुतारी किंवा विजेचा झटका चालत नाही. जनावराला वेदना दिल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मी पटाचा माणूस आहे. बंदीच्या वर्षांत पटाचे बैल विकावे लागले म्हणून डोळ्यांत पाणी आणणारे कास्तकार मी पाहिले आहेत, आणि पट परत सुरू झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तरीही न्यायालयात गेलेल्या प्राणिमित्रांना मी शत्रू मानत नाही. तुतारीची आर पुठ्ठ्यात रुतते, शेपूट पिळली जाते, दातांखाली धरली जाते, हे होत होतं आणि ते आम्हाला दिसत होतं. त्यांनी विचारलेला प्रश्न आम्ही स्वतःच विचारायला हवा होता: ही धाव कुणाची?

कुत्र्याच्या बाबतीत त्याचं उत्तर सोपं आहे. हस्कीला नको असेल तेव्हा तो खाली बसतो. त्याला उठवून पळवता येत नाही आणि त्या खेळातली शहाणी माणसं तसा यत्नही करत नाहीत. स्कूटर उचलतात आणि त्याच्याबरोबर पायी घरी येतात. बैलाला हे स्वातंत्र्य नाही. त्याच्या नाकात वेसण आहे, मानेवर जू आहे, शेजारी जोडीदार बांधलेला आहे. बसायचं ठरवलं तरी तो एकटा सहज बसू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीनं नाही म्हणण्याची जबाबदारी त्याच्या मालकावर येते, आणि ती कुत्र्याच्या मालकाच्या जबाबदारीहून कितीतरी जड आहे. कान पाहणारा तो जुना धुरकरी ती पेलत होता.

हे शहाणपण आमच्याकडं नाही, असं कुणी म्हणू नये. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात खांदशेकणी होते. वर्षभर जू घासून बैलाच्या खांद्याची कातडी राठ झालेली असते, केस गेलेले असतात. त्यावर तूप आणि हळद गरम करून लावतात, पळसाच्या पानानं हळूहळू शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. घरातलं कर्तं माणूस स्वतः हे करतं. तो खांदा बोटांखाली आला की वर्षभर कुणी काय ओढलं हे कुणाला सांगावं लागत नाही. छातीच्या हाडावर भार यावा असा पट्टा शिवणारा दूरदेशीचा कारागीर आणि पळसाच्या पानानं खांदा शेकणारा कास्तकार, दोघांचा हात एकाच जागी गेला आहे: जनावराच्या अंगावर जिथं आपलं ओझं टेकतं, तिथं.

ही जाण आपल्या मातीत किती जुनी असेल? १९७४ साली प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका शेतकऱ्याला जमिनीत काशाच्या मूर्ती सापडल्या. हजारो वर्षांपूर्वीच्या. त्यात एक दोन बैलांचा रथ आहे, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. माणूस त्यात उभा आहे, जसा स्कूटरच्या फळीवर उभं राहतात तसाच. आणि रथाच्या दांडीवर, बैल आणि माणूस यांच्या मधे, एक कुत्रा उभा आहे. तो ओढत नाही, खालच्या सावलीतही नाही. त्या ओतारीनं त्याला हक्काची जागा दिली आहे. प्रवासाला निघालेले हे चौघं एकाच कुळातले आहेत, असं ती मूर्ती पाहताना मला वाटतं. मोठेपणा मिरवण्याचा आरोप त्या कुत्र्यावर तेव्हा तरी कुणी केला नसावा.

बैल शेतातून झपाट्यानं कमी होत आहेत. डवरणीला अजून ते लागतात, पण नांगरट आणि वाहतूक ट्रॅक्टरनं घेतली. उद्या वऱ्हाडातलं मूल बैलाला पळताना पाहील ते बहुधा पटातच. मग पटात त्याला काय दिसतं, याला फार महत्त्व आहे. त्याला वेग दिसेल, धूळ दिसेल, बक्षिसाची मोटारसायकल दिसेल. याखेरीज आणखी एक गोष्ट दिसावी, अशी माझी इच्छा आहे आणि पट भरवणाऱ्या मंडळींना तशी विनंतीही आहे. जो मालक सुरुवातीच्या जागेवर येऊन, बैलाचे कान पाहून, जोडी सोडून घेतो आणि परत फिरतो, त्याचं नाव लाउडस्पीकरवरून पुकारावं. प्रवेश फी त्याला परत द्यावी. मंडपात बोलावून नारळ द्यावा. पहिल्या नंबरच्या जोडीला जो मान, त्यातला थोडा त्याच्या जोडीलाही मिळावा, म्हणजे न पळण्याचा हक्क बैलालाही आहे हे हजारो माणसांसमोर एकदा मोठ्यानं म्हटलं जाईल.